उचंत

एकतीस मार्च, रात्रीचे पावणेदहा.
उद्यमबागेतल्या भट्ट्या उतरल्यात,
साच्यांची काळी वाळू अजून ऊबदार असणार.
वर ऑफिसात मी, शिवलीला,
आणि नवं सॉफ्टवेअर, जे दर दहा मिनिटांनी
मी आहे का म्हणून विचारतं.

एकशे बारा व्हाउचर पोस्ट झाली.
घसारा, विजेचं बिल, पिग आयर्नच्या दोन गाड्या.
मसुद्यात असेतो नोंद आपली असते,
खोडा, फिरवा, डबा खाऊन येऊन परत बघा.
पोस्ट केली की मग हात लागत नाही.
चुकलीच तर उलटी नोंद घालायची,
आणि दोन्ही राहतात, चूक आणि कबुली,
एकाखाली एक.

तेरीज जुळली होती. तरी एक ओळ खुपत होती:
उचंत खातं, जमा, साडेसदतीस रुपये.
हुबळीचे ऑडिटर फोनवर हसले,
"किरकोळ हाय की. इतर उत्पन्नात टाकून द्या."

तळाच्या कपाटात, ग्रीसच्या डब्यामागं
जुन्या कीर्दी सापडल्या. दर साली शेवटच्या पानावर
तेच साडेसदतीस, तोच तपशील:
नंतर बघू. ने. उ.
अक्षर मात्र सालागणिक थरथरत गेलेलं.

अनगोळात फोन लावला.
नेमाण्णा दिवाणजी जागे होते.

"साडेसदतीस? इराप्पाचं ते.
गाव बंद होतं बघ तीन दिवस.
ह्या बाजूची घोषणा, त्या बाजूची घोषणा,
बस नाही, दूध नाही.
हा सांबऱ्याहून चालत आला, तिन्ही दिवस.
गेटला कुलूप. तर मोरीवर उकिडवा बसायचा,
आणि सुट्टीच्या भोंग्याच्या वेळेला उठून जायचा.
भोंगा नव्हताच वाजत.
मालक म्हणाले, काम नाही तर मजुरी कसली?
मी मजुरी नावे टाकली, साडेबारा गुणिले तीन.
जमा कुणाला करू? त्याच्या नावानं दिसली तर खोडणार.
उचंतात ठेवली. तिथं कोण बघतंय."

"पण तो आलेला तुम्हाला कसं कळलं?"

"मी बी आलतो की, पोरी."
थोडं थांबले.
"माझा पगार महिन्याचा. मला मिळाला."

इराप्पा पुढं दिसला नाही. कोण म्हणे मिरजेला गेला,
कोण म्हणे नाहीच राहिला.

पडद्यावर माझी नोंद तयार होती:
उचंत नावे, इतर उत्पन्न जमा.
तीन दिवसांचं उकिडवं बसणं,
कंपनीची कमाई.
खोडली. मसुदाच होता.

नवं खातं उघडायला पॅन लागतो, मोबाईल, पिनकोड.
पिनकोड तेवढा शोधून घातला,
बाकी रकान्यांत शून्यं.
नाव इंग्रजीतच घेतं ते. नायकर की नायकार?
शिवलीलाला विचारलं. तिनं मान वर न करता म्हटलं,
"हेंगादरू बरीरी."
कसंही लिहिलं तरी हाक मारणारं कोण होतं?

उचंत नावे.
इराप्पा जमा.
तपशिलाला साठ अक्षरांची मर्यादा.
बंदमधली हजेरी, तीन दिवस, गेटबाहेर.
एवढ्यात बसलं. जागा उरली सुद्धा.

पोस्ट करायचं? त्यानं दोनदा विचारलं.
एकशे तेरा.

"आतेन री?" शिवलीलानं पर्स उचलली.
"आत," म्हटलं.
उचंतात आता शून्य. बारा वाजता
साडेसदतीस रुपये आपोआप नव्या सालात जातील,
इराप्पाच्या नावानं,
कुणी हातानं पुढं ओढायची गरज नाही.

जिना उतरताना लक्षात आलं,
व्याज धरलंच नाही.
मोरीपाशी गाडी थांबवून फोनवरच नोंद केली.
रक्कम कोरी.
ती अजून मसुद्यात आहे.